वाडीचा चहा

इंगोले मॅडम खेड्यात गेल्या की कुणाकडे चहा घेत नाहीत, अशी आमच्या ऑफिसात त्यांची ख्याती होती. नवा माणूस ऐकून दबकायचा. बाई फारच कडक, लाच सोडाच, चहासुद्धा चालत नाही म्हणे. ही ख्याती साफ खोटी होती. मॅडम चहाच्या इतक्या नादी होत्या की दिवसातून चार वेळा चहावाल्याला त्यांच्या टेबलापर्यंत यावंच लागे, आणि तो पाच मिनिटं उशिरा आला तर त्या स्वतः उठून जिन्यापर्यंत पाहून येत. खेड्यातही त्या मजेत चहा प्यायच्या. फक्त काही गावांत प्यायच्या नाहीत, आणि त्या गावांची यादी त्यांच्या ड्रॉवरमध्ये होती.

ती यादी आता माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. जुन्या कॅलेंडरचं फाडलेलं पान, त्याच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलीने एकाखाली एक लिहिलेली गावांची नावं. दोन सोडून सगळ्यांवर रेघ मारलेली. मार्च लागला की मी ते पान काढतो, बघतो, परत ठेवतो. घरी गेलो की मॅडमचा काहीतरी विषय निघतोच. परवा बायको म्हणाली, "तुमी त्या बाईचं इतकं सांगता, तं लिहून काहून नाई काढत? माह्ये कान तरी सुटतीन." म्हणून लिहायला बसलो.

आमचं ऑफिस वाशीममध्ये आहे, एवढंच सांगतो. जिल्ह्यातल्या शाळा, रस्ते, दवाखाने, विहिरी यांचा पैसा तिथे कागदावर चढतो आणि कागदावरून उतरतो. वर्ष सुरू होण्याआधी अंदाजपत्रक तयार होतं. पण वर्ष काही अंदाजपत्रक वाचून येत नाही. गारा पडतात, शाळेचे पत्रे उडतात, विहिरी आटतात, टँकर लावावे लागतात. ज्याची तरतूदच केलेली नाही असा खर्च दारात येऊन उभा राहतो. वरून पुरवणी मागणीत पैसा मिळायचा तर अधिवेशन यावं लागतं, मंजुरी यावी लागते. तोवर जिल्ह्यातल्याच एखाद्या कामाचा खर्च न झालेला पैसा उचलायचा आणि तिकडे द्यायचा. कागदोपत्री याला पुनर्विनियोजन असा भारदस्त शब्द आहे. मॅडम त्याला 'इकडचं तिकडं' म्हणत. ते टेबल त्यांचं, आणि शेजारचं माझं. बारा वर्षं आम्ही असे शेजारी बसलो.

मॅडमचे यजमान याच ऑफिसात जीपचे ड्रायव्हर होते. एका दुपारी जीप उभी केली, छातीला हात लावला आणि स्टिअरिंगवरच गेले. पदरात एक लहान मुलगी. अनुकंपा तत्त्वावर मॅडमना नोकरी मिळाली, तेव्हा त्या तिशीच्या आसपास होत्या. कुणी फार कळवळून तो विषय काढला की त्या म्हणायच्या, "मी तं पुरवणीतूनच आली ना वो. मूळ अंदाजपत्रकात माही तरतूदच नोती." आणि हसायच्या. हसताना चष्मा काढून पदराने पुसायची त्यांना सवय होती. ते पुसणं बराच वेळ चालायचं.

उंच, किरकोळ बांधा, चप्पल वाजू न देता चालणं. बेरीज करताना त्या खोलीतला पंखा बंद करत, कारण कागद उडालेला त्यांना खपत नसे. वाशीमच्या एप्रिलमध्ये पंखा बंद म्हणजे काय, ते ज्याने सोसलं त्यालाच ठाऊक. आम्ही सहा जण घामाने निथळायचो, पण 'मॅडम, पंखा' म्हणायची कुणाची छाती नव्हती. बेरीज जुळली की त्या बटण दाबायच्या आणि म्हणायच्या, "घ्या, खा हवा." ती हवा आता कूलरची आहे, आणि मला ती पटत नाही.

आता चहाच्या यादीचं. मॅडमचा एक नेम होता, जो कोणत्याही नियमपुस्तकात सापडणार नाही. एखाद्या गावाच्या कामाचा पैसा काढून दुसरीकडे द्यायचा ठरला की त्या आधी त्या गावात जायच्या आणि तिथल्या माणसांना तोंडाने सांगायच्या. अर्ध्या दिवसाची रजा टाकायची, एस.टी.चं तिकीट स्वतःच्या पैशाने काढायचं, पारावर किंवा ग्रामपंचायतीत बसायचं आणि सांगायचं, की तुमचा पैसा मी अमक्या गावाले नेऊन राह्यली, या कारणानं. लोक चिडायचे. काही ठिकाणी तोंडाला येईल ते बोलायचे. त्या ऐकून घ्यायच्या. पाणी मागून प्यायच्या आणि म्हणायच्या, "चहा आज नाई. पैसा परत आनला की घेईन." परत आल्या की त्या गावाचं नाव कॅलेंडरच्या पानावर चढायचं. पुढे कधी तो पैसा सुधारित अंदाजपत्रकात किंवा पुरवणीत परत आणला, की पुन्हा एस.टी., त्या गावचा चहा, आणि नावावर रेघ.

एका साहेबांना हे कळलं तेव्हा ते भडकले. लोकांना उगाच कशाला उचकवता, म्हणाले. हे असं जाऊन सांगायचं कोणत्या नियमात लिहिलंय? मॅडम उभ्या राहिल्या, फाईल छातीशी धरली आणि शांतपणे म्हणाल्या, "साहेब, जाऊ नये म्हनून कोन्या नियमात लिवलं ते दाखवा. नाई जानार." साहेबांनी खरोखर दोन दिवस शोधलं. मग त्यांची बदली झाली, ती वेगळ्या कारणाने.

मला मात्र या नेमाचा राग यायचा, हे कबूल करतो. एकदा मी म्हणालो, "मॅडम, पैसा काय त्यांच्या घरचा आहे? सरकारचा पैसा, सरकारने इकडून तिकडे नेला." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "पैसा सरकारचा, गावंडे भाऊ. पन वाट तं त्याहीनं पाह्यली ना? थे कोनाची? ज्याचं काढाचं त्याले तोंड दाखवाचं." 

या नेमाचा दुसरा उपयोग मला नंतर दिसला. एका गावच्या वजनदार पुढाऱ्याचा मॅडमना फोन आला. वर्षअखेर आहे, कुठेतरी पैसा शिल्लक असेलच, तेवढी आमच्या गावची कमान बसवून टाका. कमानीवर कुणाचं नाव येणार होतं ते उघडच होतं. आम्ही सगळे कान टवकारून बसलो. मॅडम फोनवर म्हणाल्या, "हो, हाय ना शिल्लक, दादा. एका गावच्या दवाखान्याच्या भिंतीचे हायत. उद्या साडेआठच्या गाडीनं मी तिथं सांगाले जाऊन राह्यली. तुमी बी चाला माह्यासंगं. तुमीच सांगजा, भिंतीचे काढून कमानीले नेतो म्हनून. लोकाहीले तुमच्या तोंडून बरं वाटीन." पलीकडून फोन ठेवला गेला. मग कमानीचा विषयच कधी निघाला नाही. मॅडम मात्र दुसऱ्या दिवशी खरंच साडेआठला स्टँडवर जाऊन उभ्या राहिल्या होत्या. म्हणाल्या, बोलावलं होतं ना, आले असते तर?

त्यांची दुसरी खोड म्हणजे टोकन. एखाद्या कामाला यंदा पैसा नाही, पण काम सोडायचं नाही, तर यादीतल्या त्याच्या ओळीपुढे नुसते हजार रुपये ठेवायचे. त्या हजारात विटाही येत नाहीत. पण ओळ जिवंत राहते. हजारही ठेवले नाहीत तर ओळ गळते, आणि गळलेली ओळ परत उघडायची म्हणजे नव्याने प्रस्ताव, नव्याने तपासणी, नव्याने सह्या. माणूस निवृत्त होतो पण ओळ उघडत नाही. बाकीची टेबलं टोकनचा कंटाळा करतात. मॅडम एकेक ओळ बोटाने चाचपत जायच्या आणि म्हणायच्या, "इले राहू द्या. इले बी राहू द्या."

घरीही त्यांचं असंच. अनुकंपाची नोकरी धाकट्या दिराला हवी होती. ती वहिनीला मिळाली, तेव्हापासून केनवडचं सासरचं घर तुटलं. दीर बोलेना, येईना, लग्नाकार्याला बोलावेना. मॅडम दर पोळ्याला वाशीमच्या बाजारातून बैलांच्या शिंगांना बांधायचे गोंडे घ्यायच्या, दोन जोड्या, आणि केनवडला जाणाऱ्या कुणाच्या तरी हाती दिराकडे पाठवायच्या. "भांडन माह्यं दिराशी. बैलाशी काय भांडन?" तिकडून कधी उलट निरोप आला नाही. मधे दिराने बैल विकले आणि ट्रॅक्टर घेतला, हे सगळ्या ऑफिसला कळलं, तसं मॅडमनाही कळलं. त्या वर्षीही गोंडे गेले. मी म्हणालो, "आता काय ट्रॅक्टरला शिंगं फुटलीत?" तर म्हणाल्या, "टोकन हाय थे. समजा."

मॅडमच्या निवृत्तीच्या वर्षी पोळ्याच्या दिवशी मी कामाने रिसोडला चाललो होतो. केनवडला गाडी थांबली. रस्त्याकडेला एक ट्रॅक्टर धुऊन, हळदकुंकू लावून उभा होता, आणि त्याच्या पुढच्या दोन्ही दिव्यांना गोंडे बांधलेले होते. ट्रॅक्टर कुणाचा ते मी शेजारच्या माणसाला विचारून घेतलं. संध्याकाळी मॅडमना अकोल्याला फोन केला, कारण तोवर त्या मुलीकडे राहायला गेल्या होत्या. बातमी सांगितली. त्यांनी एकच विचारलं, "कोन्या रंगाचे?" मी म्हणालो, लाल आणि पिवळे. "मंग यंदाचे नाईत. यंदा हिरवे धाडले. थे आंदीचे हायत, ठेवलेले." आणि पुढे बराच वेळ चष्मा पुसत असाव्यात, कारण फोनवर काहीच ऐकू येत नव्हतं.

आता वाडीचं सांगतो, ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं.

जऊळका स्टेशनवरून ऑटोने वीस मिनिटांवर एक लहानसं गाव आहे. आजूबाजूचे त्याला नुसतं 'वाडी' म्हणतात. वाडीच्या आणि रस्त्याच्या मधे नाला आहे. शाळा आणि अंगणवाडी रस्त्याच्या बाजूला. पावसाळ्यात नाल्याला पाणी आलं की पोरं तिकडे आणि मास्तर इकडे. वाडीची वंदनाबाई अंगणवाडी चालवते. ती एकेका पोराला कडेवर घेऊन गुडघाभर पाण्यातून ने-आण करायची. या नाल्यावर एक रपटा हवा होता. पूल नाही, नुसता रपटा, म्हणजे पात्रातून बांधलेली सिमेंटची बुटकी वाट. वर्षानुवर्षं मागून शेवटी तो मंजूर झाला, पैसा पडला, पण निविदा निघायला उशीर झाला. आणि त्याच फेब्रुवारीत रिसोड तालुक्यात गारा पडल्या. तीन शाळांचे पत्रे उडाले. परीक्षा तोंडावर. वाडीचा पैसा मार्चअखेर खर्च होणं शक्य नव्हतं, तो परत जाणारच होता. मॅडमनी तो पत्र्यांना दिला. कुणीही तेच केलं असतं.

पण आधी त्या वाडीला गेल्या. तिथे काय झालं ते मला पुढे वंदनाबाईने सांगितलं. तिचे सासरे सखारामबुवा, गावातले जुने माणूस, सगळं ऐकून म्हणाले, "तिकडच्या पोट्ट्याहीच्या डोक्यावर छप्पर पाह्यजे, थे खरं हाय. न्या. पन परत आनसान का?" मॅडम म्हणाल्या, "आनीन." वंदनाबाईने चहा ठेवला होता. मॅडमनी पाणी घेतलं आणि म्हणाल्या, रपटा झाला की त्यावरून चालत येईन आणि मग घेईन.

पैसा परत आणणं जमलं नाही. पुढच्या वर्षी मागणी कापली गेली. त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा. मग कोरोनाचं वर्ष आलं आणि औषधं आणि पगार सोडून सगळ्यालाच कात्री लागली. कॅलेंडरच्या पानावरची इतर नावं एकेक करून कटत गेली, वाडी तशीच राहिली. मॅडम दरवर्षी हजार रुपये ठेवून ती ओळ पुढे नेत होत्या.

आणि ती ओळ मी मारली.

मॅडम डोळ्याच्या ऑपरेशनसाठी पंधरा दिवस रजेवर होत्या. त्यांचं टेबल माझ्याकडे. वरून पत्र आलं की तीन वर्षं खर्च नसलेल्या ओळी तपासून यादी सुटसुटीत करावी. मला काय हुरूप आला होता कोण जाणे. तपासून वगैरे काही नाही, सरसकट काढल्या. अकरा पानांची यादी सात पानांवर आणली. साहेब म्हणाले, वा गावंडे. मी त्या दिवशी घरी जाताना अर्धा किलो जिलबी नेली होती, हेही सांगून टाकतो.

मॅडम काळा चष्मा लावून परत आल्या. यादी नाकाशी धरून बोट फिरवत गेल्या. बोट थांबलं. एक पान मागे गेल्या, परत पुढे आल्या. "गावंडे भाऊ, वाडी कुठी गेली?"

मी सांगितलं. पत्र दाखवलं.  त्यांनी उठून पंखा बंद केला आणि परत येऊन बसल्या. बेरीज कसलीच नव्हती. खोलीतली सगळी माणसं घामाघूम होऊन माझ्याकडे बघत होती. पंधरा-वीस मिनिटांनी त्यांनी पंखा लावला आणि म्हणाल्या, "सकायच्या गाडीनं जाऊ. तुमी काढलं, तं तुमीच सांगा."

वाशीम ते जऊळका अंतर फार नाही, पण त्या दिवशी गाडी फार हळू चालली असं वाटलं. मी वाटेत तीनदा म्हणालो, मॅडम, तुम्हीच सांगा ना, तुमची ओळख आहे. त्या खिडकीबाहेर तुरीची वाळलेली रानं बघत बसल्या. वाडीत सखारामबुवा बाजेवर बसले होते. मी उभ्यानेच सांगितलं, की माझ्या हातून चूक झाली, तुमच्या रपट्याची ओळ यादीतून गेली, परत यायला वेळ लागेल.

बुवांनी विचारलं, "म्हंजे आता आमचा रपटा कागदावर बी नाई?"

"नाही," मी म्हणालो.

ते चिडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "कागदावर होता तवा बी आमी पान्यातूनच जात होतो. पन पोट्टे इचारत तं सांगाले होतं, होनार हाय म्हनून. आता काय सांगू त्याहीले?"

आयुष्यात अनेक साहेबांनी मला झापलं आहे. त्यातलं काही लक्षात नाही. हा प्रश्न मात्र आजही तसाच्या तसा ऐकू येतो, आणि लाज वाटते. वंदनाबाई आतून चहाचा एकच कप घेऊन आली आणि माझ्यासमोर धरून म्हणाली, "मॅडम नाई घेत. तुमी तरी घ्या." मी हात पुढे केला. मॅडमनी नुसतं बघितलं. मी हात मागे घेतला आणि पाणी मागितलं. तेव्हापासून वाडीचा चहा मलाही बंद झाला.

ओळ परत उघडायला मॅडमची नोकरीची शेवटची दोन वर्षं गेली. पत्रं, त्रुटी, पुन्हा पत्रं. मुंबईहून माहिती मागवली की हजार रुपयांत करावयाच्या कामाची निकड स्पष्ट करावी. मॅडमनी पानभर निकड स्पष्ट केली. त्यात नाल्यातल्या पाण्याची उंची वंदनाबाईच्या गुडघ्यापर्यंत असं लिहिलं होतं. साहेबांनी ते खोडून 'अंदाजे दोन फूट' केलं. शेवटच्या मार्चमध्ये यादी छापून आली आणि तिच्यात वाडीची ओळ होती. पुढे हजार रुपये. मॅडमनी त्या ओळीवरून बोट फिरवलं आणि त्या दिवशी सगळ्यांना स्वतःच्या पैशाने चहा पाजला.

मे अखेरीला त्या निवृत्त झाल्या. शाल, नारळ, सुटकेस, साहेबांचं भाषण, सगळं रीतसर झालं. मॅडमना बोलायला सांगितलं तर उभ्या राहून म्हणाल्या, "चुकलं असीन तं तोंडावर सांगा, मांगून नका सांगू," आणि बसल्या. सगळे गेल्यावर त्यांनी ड्रॉवर उघडून ते कॅलेंडरचं पान माझ्या हातात दिलं. "एकच राह्यलं, भाऊ." मी ते पान घडी करून माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवलं.

पुढच्या वर्षीच्या पावसाळ्यात वंदनाबाई एका पोराला कडेवर घेऊन नाल्यात घसरली. पोर वाचलं, तिचा हात मोडला. मग मात्र सगळीकडून फोन आले, आणि साहेब म्हणाले, गावंडे, कुठूनही आणा. मी आणले. आमच्याच जिल्ह्यातल्या मालेगावकडच्या एका गावात वाचनालयाची खोली व्हायची होती, जागेचा वाद निघून काम अडलं होतं. तो पैसा उचलून मार्चमध्ये वाडीच्या ओळीपुढे लावला. ओळ जिवंत होती म्हणून एका आठवड्यात सह्या झाल्या. नसती तर काय झालं असतं, तो विचार मी करत नाही.

मे महिन्यात रपटा झाला. मी अकोल्याला फोन केला. मॅडम म्हणाल्या, येते. मुलगी गाडीने पाठवते म्हणाली होती, पण त्या पॅसेंजरनेच आल्या. जऊळक्याला मी उतरवून घ्यायला गेलो. गुडघे दुखत होते, वजन उतरलं होतं, पण चप्पल तशीच, आवाज न करणारी. ऑटो रपट्याच्या अलीकडेच थांबवायला सांगितला आणि चालत पलीकडे गेल्या, बोलल्याप्रमाणे. सखारामबुवा बाजेवरून उठून उभे राहिले. वाडीतली बरीच माणसं जमली होती. वंदनाबाईने कपबशा नव्या आणल्या होत्या, किमतीची चिठ्ठी बशीखाली तशीच चिकटलेली होती.

मॅडमनी कप हातात घेतला. बशीत ओतला, फुंकर घातली. आणि सहज विचारावं तसं विचारलं, "कोनाचे आनले, भाऊ?"

मी वाचनालयाचं सांगितलं.

"सांगून आले का?"

मार्चची घाई होती. एप्रिलमध्ये निवडणुकीची ड्युटी लागली होती. जाऊ जाऊ म्हणत राहून गेलं होतं.  मी मान खाली घातली.

मॅडमनी बशीतला चहा परत कपात ओतला, हळूच, एक थेंब न सांडता. कपावर बशी झाकली. "वंदना, राहू दे बाई. भाऊ सांगून येतीन, मंग घेऊ आमी दोघं बी."

वंदनाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. "मॅडम, आठ वर्ष झाले वो."

"झाले ना आठ," मॅडम म्हणाल्या. "मंग आनखी आठ दिवसानं काय होते?"

रागावल्या नव्हत्या. बुवांशी तुरीच्या भावाबद्दल बोलल्या, वंदनाबाईचा हात नीट जुळला की नाही ते दाबून पाहिलं, परतीच्या गाडीची वेळ झाली तशा उठल्या. मी सोडायला निघालो तर म्हणाल्या, तुम्ही बसा, ऑटोवाला आहे.

मी दुसऱ्याच दिवशी त्या दुसऱ्या गावाला गेलो. ग्रामपंचायतीच्या ओट्यावर स्पर्धा परीक्षेची पुस्तकं घेऊन चार-पाच पोरी बसल्या होत्या. वाचनालय होईल म्हणून ओट्यावर दिवस काढत होत्या. त्यांना सांगितलं. एकीने विचारलं, "कवा आनसान?" मी म्हणालो, आणीन. चहा आला, मी पाणी घेतलं. रात्री फोन केला तेव्हा मॅडमनी टोकन ठेवलं का ते आधी विचारलं. ठेवलं म्हणालो. "मंग तुमचं पान सुरू झालं," त्या म्हणाल्या. पोळा झाला की गुडघे बरे होतील, मग वाडीला येते, असं ठरलं. पोळ्याला केनवडला गोंडे गेले, तेही मीच पोचवले. दसऱ्याच्या आधी मॅडम गेल्या.

कॅलेंडरच्या पानावर वाडीच्या नावाखाली आता माझ्या अक्षरात एक नाव आहे. वाडीवर मी रेघ मारलेली नाही. रपटा झाला, पैसा पोचला, नियमाने मारायला हवी. वाडीला अजून जातो, पाणी पितो. वंदनाबाई आता चहाचं विचारत नाही.

मला मॅडम आठवतात त्या रपटा बघायला आल्या त्या दिवशीच्या. आम्ही सगळे अंगणात उभे आणि त्या उन्हात रपट्यावरून परत चालल्या आहेत, पदर डोक्यावरून घेतलेला, हातात लहानशी पिशवी. मधोमध गेल्यावर त्या थांबल्या. वाटलं, वळून काहीतरी सांगतील. त्यांनी खाली बघितलं, सिमेंटवर दोनदा पाय आपटून पाहिला, आणि पुढे चालत गेल्या.